भावकीचा आडोसा

संकटात सापडलेल्या माणसाला सर्वांत आधी डोक्यावर छप्पर लागतं, हे मानवजातीनं हजारो वर्षांच्या अनुभवातून मान्य केलेलं सत्य आहे. खोरेवस्तीच्या एक्केचाळीस कुटुंबांना ते छप्पर मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी साडेसातला प्राथमिक शाळेत मिळालं. आठ वाजता सगळ्यांना दुसरी गोष्ट लागली.

खोरेवस्ती लासुर्ण्याच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला आहे. इंदापूर तालुक्यात मे महिन्यात पाऊस पडत नाही या भरवशावर काहींनी ओढ्यातच कडब्याची गंज लावली होती. रविवारी संध्याकाळपर्यंत ओढा कुठं आहे हे नव्या माणसाला बोट करून दाखवावं लागायचं. सोमवारी पहाटे वस्ती कुठं आहे हे तसं दाखवावं लागलं.

शाळा उंचावर असल्यामुळे वाचली. शाळेची दोन शौचालयं मात्र मागच्या उतारावर होती, त्यांच्या टाकीत ओढ्याचं पाणी शिरलं होतं आणि आत टाकलेलं सगळं परत वर येत होतं. ग्रामसेवक ज्ञानेशनं त्यांना कुलूप घातलं. पुणे जिल्ह्यात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. वय तेहतीस असलं आणि शर्ट बाहेर काढलेला असला तरी म्हणतात. या भाऊसाहेबानं तालुक्याला फोन केला, फोटो पाठवले, अर्ज पाठवला आणि आता दोन महिने काही होणार नाही या हिशेबानं जरा निवांत झाला. मंगळवारी दुपारी बारामतीहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सहा तयार फायबरची शौचालयं आली. लासुर्ण्याकडचा फरशी पूल पाण्याखाली होता म्हणून ती भिगवणवरून वळसा घालून आली, सोबत खड्डे घ्यायला जेसीबी घेऊन आली. मदत इतक्या लवकर येण्याची सवय नसल्यामुळे ज्ञानेशला घाम फुटला.

ती कुठं बसवायची, हा प्रश्न आप्पासाहेबांनी सोडवला. आप्पासाहेब वस्तीतले सर्वांत वडील, सोसायटीचे माजी चेअरमन. खोरेवस्तीत भांडणाचा निकाल आणि लग्नाची तारीख त्यांना विचारून ठरते. मागच्या बाजूला चिखल होता, ट्रॉली रुतली असती, हे खरं. पण आप्पासाहेबांचं कारण वेगळं होतं. बायाबापड्यांना चिखलातनं लांब जायला लावू नका, पुढंच बसवा, व्हरांड्यासमोर; आमच्या नजरेसमोर राहिल्या म्हणजे कसली काळजी नाही, असं ते म्हणाले. यात त्यांचा हेतू शुद्ध होता, हे आधीच सांगितलेलं बरं.

झेंड्याच्या खांबाशेजारी सहा खड्डे पडले, सहा निळी खोकी उभी राहिली. दारं व्हरांड्याकडे.

व्हरांड्यात वस्तीतले ज्येष्ठ बसत. म्हणजे तिथून हलतच नसत. सोमवारी दुपारी ब्लँकेटांचा आणि जेवणाच्या पाकिटांचा एक टेंपो, रस्त्यावर कुणी दिसलं नाही म्हणून, शाळेवरून तसाच पुढच्या गावाला निघून गेला होता. ते पाहिल्यापासून आप्पासाहेबांनी पहारा लावला. चौदा म्हातारे, प्लॅस्टिकच्या चौदा खुर्च्या, रात्रीच्याही पाळ्या. रस्त्यानं जाणारं प्रत्येक वाहन त्यांनी पाहिलं, थांबवलं, आणि त्यात मदत नसेल तर विचारपूस करून सोडून दिलं. वस्तीसाठी त्यांनी झोप सोडली होती. शाळेत जे काही आलं, ते त्यांच्यामुळेच आलं.

ज्ञानेशला रोज संध्याकाळी सहा वाजता तालुक्याच्या ग्रुपवर अहवाल टाकावा लागे: छप्पर, पाणी, स्वच्छता, आणि ठिकाण दाखवणारे फोटो. बुधवारी त्यानं सहाही खोकी उघडून पाहिली. फायबर चकाकत होतं. एका भांड्यावरचा कंपनीचा कागदही निघाला नव्हता. त्यानं ‘स्वच्छता : उत्तम’ असं लिहिलं, आणि खाली वरिष्ठांचे अंगठे आले. आपण लोकांना चांगली सवय लावली असं त्याला वाटलं. त्या रात्री तो पहिल्यांदा चार तास झोपला.

गुरुवारी सकाळी करुणानं त्याची झोप परत घेतली.

करुणा शेजारच्या गावची आशाताई, गरोदर बायांची आणि लहान पोरांची नोंद ठेवणारी. बौद्ध वाड्यातली, बारावी झालेली, जिथं जाईल तिथं स्कूटी रस्त्याकडे तोंड करून लावणारी. शाळेत तिच्या वहीतली एकच गरोदर बाई होती: आप्पासाहेबांची सून विजयमाला, सातवा महिना संपत आलेला. नवरा ऋषिराज बारामतीत कंपनीत कामाला, तिथंच जळोचीत खोली करून राहणारा. फरशी पूल पाण्याखाली गेल्यापासून तो फोनवरच होता आणि ती कशी आहे, हे एकच दर दोन तासांनी करुणाला विचारत होता.

करुणानं ज्ञानेशला जे सांगितलं ते असं. विजयमाला पाणी पीत नाही. सोमवारी अंधार पडल्यावर बाकीच्या बायांबरोबर ती मागच्या बांधावर गेली होती, तिथं घसरली. पोटावर नाही, गुडघ्यावर. तेव्हापासून दिवसातून एकदाच, पहाटे, जावेचा हात धरून जाते, आणि दुसऱ्यांदा जावं लागू नये म्हणून दिवसभर फक्त ओठ ओले करते. काल पाय सुजले होते. आज लघवीला आग होतेय म्हणाली. आणि बांधाजवळच्या उसात काल घोणस निघाली.

ज्ञानेशनं समोरच्या सहा निळ्या खोक्यांकडे हात केला.

करुणानं त्या खोक्यांसमोरच्या चौदा खुर्च्यांकडे हात केला.

ज्ञानेश सोलापूरकडचा, त्याला नीट समजावून सांगावं लागलं. खोरेवस्ती म्हणजे एक आडनाव, एक भावकी. व्हरांड्यात बसलेला प्रत्येक म्हातारा वस्तीतल्या प्रत्येक सुनेचा या ना त्या नात्यानं सासरा लागतो, नाहीतर थोरला दीर. त्यांच्यासमोरून सून डोक्यावर पदर घेऊन चहाचा ट्रे नेते. टमरेल नेत नाही. मंगळवारपासून त्या दारांतून पुरुष गेले नव्हते, कारण त्यांना रस्त्याची कड होती; आणि बाया गेल्या नव्हत्या, कारण त्यांना सासरे होते.

मग त्या सांगत का नाहीत, असं ज्ञानेशनं विचारलं. सुनेचं म्हणणं सासऱ्याकडे सासूमार्फत जातं. विजयमालाची सासू तीन वर्षांपूर्वी वारली होती. बाकीच्यांच्या सासवा जिवंत होत्या, पण आप्पासाहेबांपुढं हा विषय काढायचा कुणी, यावर त्यांच्यात एकमत होत नव्हतं.

ज्ञानेशनं शौचालयं हलवायचं मनावर घेतलं. खड्डे इथं होते. जेसीबी दुसऱ्या गावाला गेला होता. शिवाय अहवालात जागेचा नकाशा गेला होता. जागा बदलली तर आधीची जागा का निवडली याचा खुलासा द्यावा लागेल, असं तालुक्यावरून एका शांत आवाजानं सांगितलं. म्हाताऱ्यांना हलवायचं म्हणावं, तर ते त्यांना सांगणार कोण? राहिला तिसरा मार्ग: मध्ये आडोसा उभा करायचा.

ताडपत्र्या सगळ्या गळक्या कौलांवर गेल्या होत्या. शाळेत शोधाशोध केल्यावर क्रीडासाहित्याच्या खोलीत एक वस्तू सापडली. वीस फूट बाय दहा फुटांचा फ्लेक्स, घडी घालून ठेवलेला. आप्पासाहेबांच्या एकसष्टीचा. मध्यभागी आप्पासाहेब, फेटा बांधलेले, हात जोडलेले. भोवती शुभेच्छुक म्हणून भावकीतले चौतीस जण, गोल चौकटीत, तेही हात जोडलेले. कापड जाड होतं. ज्ञानेशनं चार बांबू मागवले.

त्याच सकाळी ग्रुपवर आदेश आला होता: शासकीय मदतीच्या ठिकाणी कोणत्याही खाजगी व्यक्तीचे छायाचित्र दर्शनी भागात दिसता कामा नये. ज्ञानेश आदेश वाचणारा माणूस. त्यानं फ्लेक्सची कोरी, पांढरी बाजू व्हरांड्याकडे आणि रस्त्याकडे केली, आणि छापील बाजू आत, शौचालयांकडे. संध्याकाळी सहा वाजता खुर्च्यांवरून दारं दिसत नव्हती. व्हरांड्यातून कुणीतरी, भाऊसाहेब, पडद्यावर सिनेमा कधी लावताय, असंही विचारलं. ज्ञानेशनं फोटो काढला. ‘महिलांसाठी आडोसा : पूर्ण.’ अंगठे आले.

सातला पहिली बाई गेली. संस्कृती, वस्तीतली सर्वांत नवी सून, इंदापूरला बीए झालेली. विजयमालाला हात देणारी जाऊ तीच. हिच्यानं सुरुवात होईल असं करुणाला वाटलं होतं. संस्कृती फ्लेक्सच्या मागं गेली आणि पाण्याला हातही न लावता परत आली. करुणानं विचारलं, काय झालं?

“आत समदे सासरे हात जोडून हुबं हायेत,” संस्कृती म्हणाली. “पदर घिऊ का टमरेल धरू?”

हसू आलं ते फक्त तिलाच. बाकीच्या बाया एकेक करून जाऊन, नुसत्या पाहून आल्या. बाहेरचे चौदा निदान अधूनमधून डुलकी घेत. आतले पस्तीस डोळे उघडे ठेवून होते. विजयमाला गेलीच नाही. तिनं भिंतीला टेकून पेल्यात बोट बुडवलं आणि ओठांवरून फिरवलं.

शुक्रवारी ज्ञानेशनं फ्लेक्स फिरवायचा विचार केला, पण आदेश होता. चेहऱ्यांवर चुना मारायचा विचार केला, पण आप्पासाहेबांच्या तोंडाला चुना फासलेला ग्रामसेवक या तालुक्यात पुन्हा नोकरी करू शकला नसता. शेवटी त्यानं शाळेतले जुने पेपर घेतले, खळ केली आणि आतून एकेका चेहऱ्यावर कागद चिकटवायला लागला. अकरा चेहरे झाले तेव्हा पाऊस आला. खळ सुटली आणि आधी आप्पासाहेब बाहेर आले.

संध्याकाळी त्यानं परत ‘उत्तम’ लिहिलं. या वेळी अंगठ्यांबरोबर एक गुलाबाचं फूलही आलं. त्याला ते पाहवेना. रात्री तो तीनदा उठून बायांच्या वर्गाच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला, आत काही आवाज येतोय का ऐकायला, आणि आवाज आला नाही याचीच जास्त भीती घेऊन परत आला.

शनिवारी दुपारी दोनला विजयमालाला ताप भरला. पोट मधूनमधून कडक होतंय, असं ती करुणाच्या कानात म्हणाली, आणि आप्पांना सांगू नका, असंही म्हणाली. करुणानं पोटावर हात ठेवला आणि मोबाईलमध्ये वेळ पाहिली. पोट घट्ट झालं, सुटलं. अकरा मिनिटांनी पुन्हा घट्ट झालं. सातव्या महिन्यात हे व्हायला नको होतं. तिनं १०८ ला फोन लावला. गाडी भिगवणहून निघेल, रस्त्यात दोन ठिकाणी पाणी आहे, दीड-दोन तास धरा, तोवर पेशंटला भरपूर पाणी पाजा आणि लघवी अजिबात अडवू देऊ नका, असं पलीकडून सांगितलं.

करुणानं पेला भरून विजयमालाच्या ओठाला लावला. विजयमालानं मान फिरवली. ऋषिराजचा फोन वाजत होता, तो करुणानं उचलला नाही. ती उठली आणि व्हरांड्यात गेली. आपल्या नोकरीचं, आपल्या गावाचं आणि आपल्या वाड्याचं काय होईल याचा विचार तिचा आदल्या तीन दिवसांत करून झाला होता. ज्ञानेश तिच्या मागं दोन पावलं होता. पुढं व्हायचं त्याच्यानं होईना.

“आप्पा, जरा उठता का,” ती म्हणाली.

“का गं? टेंपो आला का?” आप्पासाहेबांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

“न्हाय. विजयमाला वहिनींना पाणी प्यायचं हाय.”

“मग पिऊ द्या की. माठ भरलाय. त्याला माझं उठणं कशाला पायजे?”

“तुमी हितं बसलाय म्हणून त्या पाणी पीत न्हाईत. सोमवारपासनं.”

“मी काय माठावर बसलोय का?”

“पाणी प्यालं की जावं लागतं, आप्पा. जायचं म्हणलं की तुमच्या म्होरनं जावं लागतं.”

कुणी झेंड्याच्या खांबाकडे पाहिलं, कुणी चपलेत पाय सरकवले. आप्पासाहेबांचे चुलतभाऊ रावजी, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ते बोलले.

“आडोसा केलाय की भाऊसाहेबांनी. सहाच्या सहा दारं मोकळी हायेत. आमी कुणाला अडवलं?”

“तात्या, मंगळवारपासनं त्या दारातनं एक तरी बाई आत जाताना बघितली का तुमी?”

हा प्रश्न चुकीच्या माणसांना विचारला गेला नव्हता. त्या रस्त्यानं पाच दिवसांत गेलेल्या सगळ्या गाड्यांचे नंबर त्या चौदा जणांना पाठ होते. कोणता टेंपो कुठल्या गावचा, कोणत्या जीपमध्ये कोण साहेब, त्यानं काच खाली घेतली की नाही, हे सगळं ते सांगू शकले असते. रावजींनी बराच वेळ आठवून पाहिलं.

“बायांस्नी लागत नसंल,” ते म्हणाले.

करुणा आप्पासाहेबांकडेच पाहत राहिली.

“ती म्हणली का असं?” आप्पासाहेबांनी हळू विचारलं.

“त्या कशा म्हणतील? सासूबाई असत्या तर त्यांनी तुमच्या कानावर घातलं असतं. आता मीच हाय. ताप चढलाय, पोट दुखतंय. गाडी बोलावलीय, पण तवर पाणी पोटात गेलं पायजे. बाळासाठी.”

आप्पासाहेबांनी टोपी काढली, आतून पाहिली, परत घातली. पाच दिवस ते वस्तीची राखण करत होते, आणि राखण ज्या गोष्टीपासून करायला हवी होती ती गोष्ट त्यांच्याच खुर्चीवर बसलेली होती. हे त्यांना समजलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. त्यांनी उठून आपली खुर्ची आपल्या हातानं उचलली. त्यांना खुर्ची उचलताना वस्तीनं पूर्वी पाहिलं नव्हतं.

“चला रं,” ते म्हणाले. “थांब्यावर बसू.”

शाळेपासून दीडशे पावलांवर, रस्त्याच्या वळणाला, एसटीचा जुना थांबा होता. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती.

“तितनं टेंपो दिसंल का पण?” रावजींनी विचारलं.

“तितनं आधी दिसंल,” आप्पासाहेब म्हणाले. थांबा सोमवारपासून तिथंच होता.

चार पावलं गेल्यावर ते थांबले आणि फ्लेक्सच्या पांढऱ्या पाठीकडे बघत राहिले. आत काय आहे ते त्यांना माहीत होतं. फोटोसाठी फेटा त्यांनी स्वतः निवडला होता. तो उलटा करा, असं त्यांनी ज्ञानेशला सांगितलं. ज्ञानेशनं आदेशाचा उल्लेख केला. फोटो माझा आहे, मी सांगतोय, आणि साहेबांनी विचारलं तर माझं नाव सांगा, असं म्हणून आप्पासाहेब चालू लागले. त्यांच्या मागून तेरा खुर्च्या ओळीनं निघाल्या.

ज्ञानेशनं दोऱ्या सोडल्या, फ्लेक्स फिरवला, बांधला. गाठी तीनदा माराव्या लागल्या. मग तो पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

आत विजयमालानं पहिला पेला घोट घोट घेतला, दुसरा एका दमात. अर्ध्या तासानं करुणा आणि संस्कृतीचे हात धरून ती बाहेर आली. व्हरांडा रिकामा होता. पदर डोक्यावर घ्यायला तिचा हात उठला आणि तसाच खाली आला. पहिल्या क्रमांकाच्या दाराला आतून कडी लागल्याचा आवाज झाला, तो ज्ञानेशला रस्त्यावर ऐकू आला. मग वर्गातून दुसरी बाई निघाली, मग सगळ्याच. त्या दुपारी शाळेत नुसत्या कड्या वाजत होत्या.

गाडी चार वाजून वीस मिनिटांनी आली. थांब्यावरच्या चौदा जणांनी ती सर्वांत आधी पाहिली आणि रस्त्यावर येऊन थांबवली. डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं यंत्र पोटावर ठेवलं आणि बराच वेळ नुसतीच खरखर ऐकू आली. करुणानं विजयमालाचा पाय धरून ठेवला होता, का ते तिलाही सांगता आलं नसतं. मग ठोके आले, भरभर, एकसारखे. लघवीत जंतुसंसर्ग आहे, त्यानं पोट आवळतंय, दोन दिवस सलाईन लागेल, बाळ ठीक आहे, असं सांगून त्यानं तिला बारामतीला न्यायला घेतलं. करुणा बरोबर बसली. तेव्हा तिनं ऋषिराजचा फोन उचलला. गाडी थांब्याजवळून गेली तेव्हा आप्पासाहेब खुर्चीतून उठले होते, पण त्यांनी तोंड पलीकडे, उसाकडे केलेलं होतं.

सहा वाजता ज्ञानेशनं खोकी तपासली. फायबरवर चिखलाची पावलं होती, पाण्याच्या दोन टाक्या रिकाम्या झाल्या होत्या, चार नंबरचा नळ गळत होता. त्यानं प्रामाणिकपणे ‘स्वच्छता : मध्यम’ असं लिहिलं. फोटोत आप्पासाहेब आणि चौतीस शुभेच्छुक रिकाम्या व्हरांड्याकडे पाहून हात जोडताना दिसत होते. या वेळी अंगठे आले नाहीत. स्वच्छतेचा दर्जा तीन दिवस उत्तम असताना अचानक का घसरला, आणि शासकीय मदतीच्या ठिकाणी खाजगी छायाचित्र का लावलं, या दोन मुद्द्यांवर लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा, असा निरोप आला.

ज्ञानेशनं थांब्यावर जाऊन आप्पासाहेबांना निरोप दाखवला. आप्पासाहेबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, ती पोचली का बारामतीला? पोचली, असं ज्ञानेश म्हणाला. सलाईन लागलंय, पोट सुटलंय, पाणी पितेय. आप्पासाहेबांनी मोबाईल परत दिला. खुलासा उद्या सगळ्यांच्या सह्यांनी करू, शौचालयं आणखी महिनाभर इथंच ठेवायची मागणीही त्यातच घालू, आणि आमी हितंच बसू, असं ते म्हणाले. रावजींनी मान डोलावली.

रविवारी सकाळी ओढा उतरला आणि खुलाशावर सह्या व्हायच्या आतच सगळे वस्तीवर परतले; साडेअकरापर्यंत शाळा रिकामी झाली.